जलसंधारणाचा परिणाम मोजताना या चुका टाळा

2015 साली मराठवाड्यात कडक दुष्काळ होता. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी पुढे पाऊस जोरदार झाला. या दोन वर्षांच्या विहिरी शेजारी-शेजारी मांडल्या, की कुठलाही बंधारा यशस्वी ठरतो. तुलनेसाठी साधारण सारख्या पावसाची वर्षं घ्या, आणि पावसाचा आकडा तालुक्याच्या सरासरीचा नको, आपल्या महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) घ्या.

सोबत काम न झालेलं एक गाव हवंच. समजा, मे महिन्यात आपल्या गावातल्या विहिरींचं पाणी जमिनीखाली 11 मीटरवरून 7.5 मीटरवर आलं आणि त्या गावात 10.5 वरून 8.5 वर. मग कामाचा हिशोब 3.5 चा नाही, 1.5 मीटरचा. हे गाव त्याच नाल्यावर खालच्या अंगाला नसावं. वर पाणी अडवल्याने त्याच्या विहिरी खालावल्या असतील, तर त्याचं नुकसान आपल्या खात्यावर फायदा म्हणून जमा होतं.

विहीर मोजतानाचे घोळ अगदी साधे असतात. मोटर नुकतीच बंद केलेली असते आणि पाणी अजून चढत असतं. म्हणून रात्रभर उपसा बंद ठेवून सकाळी मोजा. टेप कठड्यावरून सोडलात तर कठड्याची उंची वजा करा. मधल्या काळात मालकाने कठडा दोन फूट वाढवला, तर पाणी तेवढंच असून कागदावर खाली जातं. जमिनीच्या पातळीवर ऑइलपेंटची खूण करून ठेवा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, असं चारदा मोजा. फक्त ऑक्टोबरात सगळ्याच विहिरी गोड दिसतात.

शेततळ्यातल्या पाण्याचा हिशोब काढताना 30 × 30 × 3 म्हणजे 2,700 घनमीटर, असं सर्रास लिहिलं जातं. काठांना 1:1 ढाळ असेल तर तळ 24 × 24 मीटरचाच राहतो आणि साठा भरतो 2,196 घनमीटर. त्याहून महत्त्वाचं, तळं भरलं कशाने? ओढ्याच्या पाण्याने, की बोअर लावून? बोअरचं असेल तर ते साठवण नव्हे, उपसाच. वर बाष्पीभवनाची भर.

ठिबकचंही तसंच. एकरी पाणी वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर ऊस दोन एकरांनी वाढला, तर शिवारातून उपसलेलं एकूण पाणी तपासा: मोटरचे तास, गुणिले मोजलेला विसर्ग (मोटर तासाला किती पाणी फेकते).