एकाच कॅमेरामनचे पिक्चर लागोपाठ कसे बघायचे

पिक्चर बघताना आपण हिरो बघतो, फार तर डायरेक्टरचं नाव लक्षात ठेवतो, पण कॅमेरामनने काय केलं ते ओळखायचं कसं हे कोणी सांगतच नाही. मी इथे इंदूरला घरच्या टीव्हीवरच एक पद्धत बसवलीय, ती लिहितो. एकच माणूस धरायचा आणि त्याचे वेगवेगळ्या जातीचे पिक्चर पाठोपाठ बघायचे. मी धरला टोनिनो देल्ली कोल्ली. रोमचा माणूस, १९३८ मध्ये पोरवयातच चिनेचित्ता स्टुडिओत कामाला लागला, १९५२ मध्ये 'तोतो आ कोलोरी' ही रंगीत कॉमेडी शूट केली आणि शेवटचा पिक्चर १९९७ चा 'लाइफ इज ब्यूटिफुल'.

आधी टीव्हीचा व्हिविड मोड बंद करा, नाहीतर बिचाऱ्याचे सगळे रंग भडक दिसतील.

सुरुवात इटालियन डायरेक्टर पासोलिनीच्या 'आक्कातोने'पासून करा, १९६१, ब्लॅक अँड व्हाइट. रोमच्या गरीब वस्तीतलं कडक ऊन आहे, माणसं समोरून सरळ धरलेली, जुन्या चर्चमधल्या चित्रांसारखी, आणि ऊन कुठेही मऊ करायला गेलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', १९६६. इथे घाई करू नका. हा टेक्निस्कोपमध्ये शूट झालाय, म्हणजे एका फ्रेमला फिल्मच्या कडेची चारऐवजी दोनच छिद्रं, त्यामुळे निम्म्या फिल्ममध्ये काम भागतं आणि साध्या लेन्सने रुंद चित्र मिळतं, एकीकडे डोळ्यांचा क्लोजअप आणि दुसरीकडे मैलभर उजाड माळ, दोन्ही त्याच रुंद पट्टीत. शेवटचा कब्रस्तानाचा सीन एकदा आवाजासकट बघा आणि मग म्यूट करून परत बघा, कारण मोरिकोनेचं म्युझिक इतकं ओढून नेतं की कॅमेरा किती वेळ थांबलाय, कधी जवळ गेलाय याचा पत्ताच लागत नाही. मला हे तिसऱ्यांदा बघताना कळलं आणि त्या रात्री झोप आली नाही, खरंच.

मग 'द नेम ऑफ द रोझ', १९८६. खोलीतले लाइट घालवून बघा. मठातला थंड अंधार, मेणबत्ती. पॉज करत जा आणि दरवेळी एकच प्रश्न विचारा, या तोंडावर उजेड नेमका कुठून येतोय?

'लाइफ इज ब्यूटिफुल' सगळ्यात शेवटी ठेवा, आधीचा अर्धा भाग प्रेमकथा, नंतरचा नाझींच्या छळछावणीतला, या दोन्हींतले रंग शेजारी ठेवून बघा.

हे झालं की मोबाइल घेऊन भर दुपारी राजवाड्यासमोर जा, कोणाला तरी उभं करून फोटो काढा, भुवयांची सावली डोळ्यांवर पडेल ती तशीच राहू द्या. घरी येऊन आईला स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळ बसवा, ट्यूबलाइट बंद करा आणि दुसरा काढा.