खिमा मोकळा होत नव्हता, त्यावरचा उपाय

माझा खिमा चवीला बरा व्हायचा, पण गोळे धरायचा आणि रस्सा पाणचट राहायचा. मसाला वाढवूनही फरक पडेना. खरी अडचण पाण्याची होती.

धुतलेल्या खिम्यात पाणी अडकून राहतं. म्हणून आता तो बारीक चाळणीत दाबून अर्धा तास निथळत ठेवते. (मटण आधी धुऊन मग खिमा करून घेतला तर उत्तमच.) अर्ध्या किलोला पसरट कढई हवी, खोलगट पातेल्यात तो परतला न जाता उकडतो.

कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, मग मोठ्या आचेवर खिमा. झाकण अजिबात नाही. उलथन्याच्या कडेने गोळे फोडत राहायचं. आधी तो करडा पडतो, पाणी सुटतं, बुडबुडे येतात. पाणी आटलं की रटरट थांबून चरचर ऐकू येते आणि कडेला तेल दिसतं. हळद, तिखट, धणेपूड, मीठ, टोमॅटो त्यानंतरच.

पुन्हा तेल सुटल्यावर अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, मंद आचेवर वीसेक मिनिटं. मटार शेवटच्या पाच मिनिटांत. आता दाणा न् दाणा सुटा होतो आणि मसाला अंगाला धरून राहतो.