फोर्क मोजायला बसलात? आधी क्लोन बघा

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मी फोर्कचा, म्हणजे एकाचा कोड उचलून दुसऱ्यानं वेगळी वाट धरण्याचा, विषय घेतला, कारण तो सोपा वाटला. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आकडा समोरच दिसतो, तो उचलायचा आणि तक्ता भरायचा. लातूरच्या खोलीवर चार महिने घासल्यावर कळलं, की फोर्कचं बटण किती जणांनी दाबलं एवढंच तो आकडा सांगतो.

आमच्या औसा तालुक्यात अशी घरं आहेत, की भावाभावांत बांध पडून वीस वर्षं झाली पण फेरफार झालेलाच नाही. सातबारा बघून कोण विभक्त ते सांगायला गेलात तर फसाल. कोडचंही तसंच. म्हणून तक्ता उघडण्याआधी फोर्क कशाला म्हणणार ते वहीत लिहा. सॉफ्टवेअर हेरिटेज या कोडसंग्रहावर काम करणाऱ्या संशोधकांनी २०२० मध्ये तीन व्याख्या मांडल्या, त्या पुरतात. पहिली, साइटवर नोंद असलेला फोर्क. यात कोड उचलून गिटलॅब या दुसऱ्या साइटवर टाकणारा सुटतो, आणि बटण दाबून पुढं एक ओळ न लिहिणारा मोजला जातो. दुसरी, दोन रेपॉझिटरीत (एका प्रकल्पाचा कोड आणि त्याची हिस्टरी ठेवायची जागा) निदान एक कमिट (बदलाची एक नोंद) सामाईक. तिसरी, कमिट जुळत नाहीत पण कधीतरी दोघांचं सगळ्यात वरचं फोल्डर हुबेहूब एक होतं.

ही तिसरी लागते कशाला? प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये, म्हणजे मजकुरावरून निघणाऱ्या ओळखक्रमांकात, त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश मुरलेला असतो. कुणी जुनी हिस्टरी बदलली की तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात. फोल्डरचा हॅश मात्र आतल्या मजकुरावरच ठरतो. फक्त रिकामं फोल्डर आधी वगळा. त्याचा हॅश सगळीकडं एकच असतो, नाहीतर सगळी दुनिया नात्यात निघते.

मी दुसरी व्याख्या धरली आणि तिथंच आपटलो. दिवसाला दीड जीबी डेटा, त्यात शेकडो रेपॉझिटरी उतरवायच्या. एका सिनिअरनं स्क्रिप्ट दिली, क्लोनच्या, म्हणजे रेपॉझिटरीची प्रत उतरवण्याच्या, ओळीत ‘डेप्थ १’ होतं. भराभर उतरायलं म्हणून मी खूश. तक्ता सरांपुढं ठेवला. सर बोट ठेवून म्हणाले, “हे काय करून ठेवलास? नेक्स्टक्लाउड २०१६ ला ओनक्लाउडमधून फुटलं. तुझ्या तक्त्यात दोघं अनोळखी कसे?” ही दोन्ही फायली साठवायची सॉफ्टवेअरं.

दोन रात्री मी हॅश जुळवणारा कोड तपासत बसलो. चूक तिथं नव्हतीच. ‘डेप्थ १’ दिलं की गिट, म्हणजे ही हिस्टरी सांभाळणारं सॉफ्टवेअर, फक्त शेवटचं कमिट आणतं, तेही एकाच ब्रँचचं (फांदीचं), आणि बाकीची हिस्टरी नाहीच असं धरून चालतं. मूळ कमिट विचारलं तर ते तेच शेवटचं कमिट दाखवतं. मी प्रत्येक झाडाचा शेंडा मुळं म्हणून मोजत होतो! शेवटी कॅट-फाइल कमांडनं ते कमिट कच्चं उघडलं, तर आत ‘पॅरेंट’ची ओळ, पुढं चाळीस अक्षरांचा हॅश. बाप होता, घरात आणलेला नव्हता. लॉगमध्ये, म्हणजे कमिटांच्या यादीत, ‘ग्राफ्टेड’ हा शब्दही पहिल्या दिवसापासून दिसत होता. वडील केशर आंब्याची कलमं बांधतात, आणि मला ग्राफ्ट म्हणजे कलम हे सुचलं नाही.

तुम्ही हे करू नका. एकही आकडा लिहिण्याआधी गिट रेव-पार्सला ‘इज-शॅलो-रेपॉझिटरी’, म्हणजे हिस्टरी अर्धीच आणली आहे का, ते विचारा. उत्तर ‘ट्रू’ आलं तर ‘फेच’ला ‘अनशॅलो’ लावून हिस्टरी पूर्ण करा. डेटा कमी आहे म्हणून घाबरू नका. क्लोन करताना फिल्टर ‘ब्लॉब-नन’ लावलं की कमिट आणि फोल्डरची रचना पूर्ण येते, जुन्या फायलींचा मजकूर येत नाही. तेवढ्यात दुसरी आणि तिसरी, दोन्ही व्याख्या तपासता येतात. माझं सगळं याच दीड जीबीत झालं, दिवस जास्त लागले एवढंच.

सिनिअरची स्क्रिप्ट घेऊ नका असं म्हणत नाही, मीही घेतली. पण प्रत्येक ओळ कशासाठी ते त्याला तिथंच विचारा. सांगता आलं नाही तर त्यानंही ती कुणाची तरी उचललेली आहे. आणि तक्ता न बघता सही करणाऱ्या गाइडपेक्षा असा बोट ठेवणारा बरा, त्या दिवशी कितीही राग येऊ द्या.

एक राहिलंच. सबट्री या गिटच्या सोयीनं एखादी लायब्ररी (दुसऱ्याचा तयार कोड) तिच्या हिस्टरीसकट आत घेतली असेल, तर तिची कमिटंही सामाईक दिसतात. ती जोडी फोर्क नाही. माझ्या तक्त्यात अशा काही निघाल्या, हातानं काढल्या. सबमिशन दोन आठवडे लांबलं. आता ज्युनिअरला देतो त्या स्क्रिप्टची पहिली ओळ शॅलोची तपासणी आहे. क्लोन अर्धा निघाला की ती तिथंच थांबते. परवा एकानं फोन करून विचारलं, “दादा, ती ओळ काढून चालवू का?”