टर्बो गाडीला घरी आफ्टरमार्केट इनटेक बसवताय? या चुका टाळा

नवा इनटेक (इंजिनाला हवा नेणारा फिल्टर आणि पाइप) बसवला, गाडी सुरू झाली, आवाजही झकास आला. दोन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला, पिकअप बसला किंवा बॉनेटखालून शिटी ऐकू येऊ लागली. अशा वेळी पहिला संशय किटवर जातो. किट खराब असू शकतं, पण टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेल्या गाडीत त्रासाचं मूळ बहुतेक वेळा सांध्यात सापडतं. फिल्टरपासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा रस्ता जेमतेम हात-दीड हात लांब असतो आणि त्यात पाच-सहा जोड असतात. त्यातला एक जरी सैल राहिला तर एकतर धूळ आत जाते, नाहीतर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हवेचा हिशोब चुकीचा मिळतो. म्हणून कोणता फिल्टर घ्यायचा यापेक्षा तो कसा जोडायचा याच्याबद्दलच इथे जास्त लिहितो आहे.

फायदा नेमका कुठे होतो, हे न समजता खर्च करणं

साधं गणित पाहू. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. समजा टर्बोला पुढे २०० किलोपास्कल दाब द्यायचा आहे, तर त्याला हवा २.१ पट दाबावी लागते. फिल्टर आणि पाइपमध्ये ५ किलोपास्कल अडले, तर टर्बोच्या तोंडाशी ९० उरतात आणि तेच काम २.२ पटीच्या वर जातं. टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. चांगला इनटेक हा अडथळा कमी करतो. आजच्या गाड्यांत मात्र किती बूस्ट (टर्बोचा दाब) आणि किती टॉर्क द्यायचा हे ईसीयू ठरवतो. त्यामुळे रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगमध्ये बदल, न करता नुसत्या इनटेकने ताकदीत पडणारा फरक फार थोडा असतो. आवाज आणि थोडा मोकळा प्रतिसाद एवढीच अपेक्षा ठेवली तर निराशा होणार नाही.

हा थोडा फायदाही गरम हवेमुळे सहज हातचा जातो. आत जाणारी हवा ३५ अंशांऐवजी ४५ अंशांची झाली, की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. कंपनीचा डबा काढून उघडा कोन फिल्टर एक्झॉस्टच्या बाजूला लटकवला तर ट्रॅफिकमध्ये तो इंजिनाचीच वाफ ओढत राहतो. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) त्यातली काही उष्णता काढतो, सगळी काढत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या किटमध्ये बंद डबा किंवा निदान हीट शील्ड नाही आणि पुढच्या ग्रिलमधून गार हवा आणणारी नळी नाही, ते किट आपल्या हवामानात घेऊच नये.

गरम इंजिनवर काम सुरू करणं

टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तासभर तरी चटका देण्याइतके गरम राहतात. शिवाय अनेक टर्बो गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा किंवा कूलंटचा इलेक्ट्रिक पंप अचानक सुरू होतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. नंतर काचांचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागेल आणि काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोड मागितला जाईल. तो कोड हाताशी ठेवा.

टर्बोचं तोंड उघडं सोडणं

जुना पाइप निघाला की समोर कॉम्प्रेसरचं, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाचं, चाक दिसतं. छोट्या टर्बोचं हे ॲल्युमिनियमचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतं. त्या वेगात एखादा वॉशर, क्लॅम्पचा तुकडा, अगदी प्लॅस्टिकचा कपचा जरी आत गेला तरी पाती वाकतात, चाकाचा तोल जातो आणि टर्बो कामातून जातो. त्यामुळे पाइप निघाला रे निघाला की त्या तोंडावर रुंद मास्किंग टेप लावा. फडकं कोंबू नका. फडकं आत विसरल्याची उदाहरणं आहेत आणि त्याचे धागे सुटून आत जातात ते वेगळंच. निघणारा प्रत्येक स्क्रू आणि क्लिप डबीत टाका आणि शेवटी मोजून घ्या. एक जरी कमी पडला तर तो सापडेपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. नवा पाइप बसवण्याआधी तो आतून ओल्या फडक्याने पुसा. नव्या ॲल्युमिनियम पाइपमध्ये कापकामाचा बारीक कीस राहिलेला असतो.

ब्रीदरची नळी तोडणं किंवा मोकळी सोडणं

इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये आणणारी ब्रीदरची, म्हणजे पीसीव्हीची नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडलेली असते. तिचे प्लॅस्टिकचे क्विक कनेक्टर उष्णतेने कडक झालेले असतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटले तर कडाकन तुटतात. दोन्ही बाजूंची लॉक दाबा, नळी थोडी पुढे ढकला, मग मागे ओढा. नव्या पाइपवर या नळीसाठी तोटी आहे का आणि ती त्याच मापाची आहे का, हे जुना पाइप काढण्याआधीच ताडून पाहा. डायव्हर्टर व्हॉल्व्हची (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब मागे वळवणाऱ्या झडपेची) परतीची नळी असेल तर तिचंही तसंच. या नळ्या हवेत मोकळ्या सोडून छोटा फिल्टर लावायची पद्धत बाजारात आहे. तसं करू नका. तेलाची वाफ बाहेर पडते, बॉनेटखालचा भाग तेलाने माखतो, आणि मॅफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयूने मोजलेली हवा बाहेर गेल्याने मिश्रण बिघडतं.

तुमच्या गाडीत हवा कोण मोजतं, हे न पाहणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

काही गाड्यांत फिल्टरनंतर लगेच मॅफ सेन्सर असतो. त्यातली तापलेली बारीक तार हवेने किती गार होते, त्यावरून हवेचं वजन काढलं जातं. कॉमनरेल डिझेल गाड्यांत तो सर्रास असतो. अनेक छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो. चाकणच्या कारखान्यातून आलेली पोलो १.० टीएसआय त्यातलीच. तिथे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान मोजून ईसीयू हवेचा अंदाज घेतो.

मॅफ असेल तर सेन्सर बसतो त्या जागी पाइपचा आतला व्यास मूळ मापाचाच हवा. मूळ व्यास ७० मिलिमीटर आणि नवा ७६ असेल तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा हळू वाहते आणि सेन्सर ती कमी सांगतो. पेट्रोल गाडीत ईसीयू त्यानुसार इंधन कमी टाकतो. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही चूक सांभाळून घेतो, पण बूस्टखाली मिश्रण पातळ पडलं तर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) होऊन पिस्टनपर्यंत नुकसान जातं. सेन्सर वळणाच्या अगदी जवळ आला तरी वाचन हलतं, आणि त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने नसला तर सगळंच चुकतं. त्याचे स्क्रू बहुधा छोटे टॉर्क्स असतात आणि प्लॅस्टिकमध्ये बसतात. हलक्या हाताने आवळा आणि ओ-रिंग जागेवर आहे ना ते पाहा.

मॅफ नसलेल्या गाडीचे मालक इथे सुटकेचा श्वास टाकतात, पण त्यांच्यापुढे वेगळाच धोका आहे. फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये जोड सैल राहिला तरी त्यांच्या ईसीयूला काही कळत नाही, कारण तो दाब पुढे मोजतो. दिवा लागत नाही, गाडी छान पळते, आणि महिनोन्महिने न गाळलेली धूळ थेट कॉम्प्रेसरवर आणि पुढे सिलिंडरमध्ये जात राहते. यासाठी एक सोपी तपासणी आहे. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर फिल्टर उतरवा आणि पाइपच्या आत पांढरं कापड फिरवा. ब्रीदरच्या तेलाचा पुसट डाग चालेल. करकरीत धूळ दिसली तर जोड गळतो आहे किंवा फिल्टर गळ्यावर नीट बसलेला नाही.

क्लॅम्प आणि होज

क्लॅम्प जीव खाऊन आवळणं ही सवय बहुतेकांना असते. स्क्रूने आवळायचा साधा वर्म क्लॅम्प जास्त आवळला की त्याच्या खाचा सिलिकॉन होज कापतात. पाइपच्या टोकाला उंचवटा असेल तर क्लॅम्प त्याच्या मागे यायला हवा, त्याच्यावर नाही. होज सरकत नाही म्हणून ग्रीस किंवा ऑइल लावू नका, थोडं साबणाचं पाणी पुरतं आणि वाळूनही जातं. पहिली रपेट झाल्यावर इंजिन गार करून सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा तपासा. सिलिकॉन गरम होऊन बसतं आणि क्लॅम्प किंचित सैल पडतात.

टर्बोच्या आधीचा होज नेहमी ओढीखाली असतो. स्वस्त, पातळ होज पूर्ण थ्रॉटलला चपटा होतो. खालच्या आरपीएमला गाडी ठीक आणि वर गेल्यावर गुदमरते, असं होत असेल तर आधी हेच तपासा. या बाजूला आत तारेची गुंडाळी असलेला होजच घ्यावा.

आणखी एक गोष्ट. इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही. पाइप बॉडीला घट्ट बोल्ट केला आणि मधे लवचीक जोड ठेवला नाही, तर खड्ड्यातून जाताना तो टर्बोवरून निसटतो किंवा बॉनेटला ठोके देतो.

फिल्टरला तेलाने न्हाऊ घालणं

कापडी फिल्टर नवा येतो तेव्हा बहुधा तेल लावूनच येतो. त्यावर पुन्हा तेल ओतू नका. जादा तेल मॅफच्या तारेवर बसतं आणि वाचन बिघडवतं. धुतल्यानंतर सावलीत पूर्ण वाळवा, तेल मोजकं लावा, ते मुरू द्या आणि मगच बसवा. एअर कॉम्प्रेसरने हवा मारू नका, कापडाचे धागे फाकतात. मॅफ माखलाच तर फक्त मॅफ क्लीनरचा स्प्रे वापरा, तारेला बोट लावू नका आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांवर किंवा बांधकामांच्या धुळीत रोज गाडी चालत असेल, तर मी मूळ कागदी फिल्टरच ठेवायला सांगेन.

पावसाळा विसरणं

बंपरच्या खाली फिल्टर उतरवणारं कोल्ड एअर किट उन्हाळ्यात उत्तम असतं. जूनमध्ये मुंबईत अंधेरी सबवे किंवा हिंदमाताला पाणी साचलं की तोच फिल्टर पाण्याची पातळी गाठतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या मोटार विम्यात हे नुकसान सहसा धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड लागते, आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो. वॉरंटीत असलेल्या गाडीलाही हाच विचार लागू आहे. कंपनीने ठेवलेली हवा घेण्याची उंची सोडून खाली जाऊ नका.

बिघाड झालाच तर कुठे पाहायचं

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल एवढं पुरतं. दोषाचा कोड आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती, टक्क्यांत) वाचा. दिवा नुसता पुसून टाकू नका, त्याबरोबर साठलेली माहितीही जाते.

पी०११३ आला तर आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा प्लग बहुधा लावायचा राहिला आहे. पी०१०१ किंवा पी०१०२ असेल तर मॅफचा प्लग, दिशा आणि तेल पाहा. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. मॅफच्या गाडीत ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर गेली असेल तर मॅफ आणि टर्बोच्या मधला जोड, ब्रीदरची नळी किंवा पाइपचा व्यास यांतलं काहीतरी चुकलं आहे. याउलट बूस्टखाली काळा धूर, ताकद कमी आणि पी०२९९ असेल तर टर्बोच्या पुढे, दाबाच्या बाजूला हवा सुटते आहे. तिथे तुम्ही हात लावला नसला तरी काम करताना एखादी क्लिप हलली असेल.

गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारू नका. आग लागायला एक्झॉस्ट पुरेसा असतो. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारी योग्य मापाची पीव्हीसी एंड कॅप घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा आणि फिल्टरच्या जागी होजमध्ये आवळा. इंजिन बंद आणि गार असताना ब्रीदरचा मार्ग तात्पुरता बंद करून टायरच्या पंपाने पाच पीएसआयपर्यंतच हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. जिथे फुगे येतात, तिथे गळती. कॅप उडू शकते, म्हणून तोंड तिच्या रेषेत ठेवू नका.

तरीही उलगडा होत नसेल तर मूळ डबा, मूळ पाइप आणि मूळ क्लॅम्प परत बसवा. याचसाठी जुनं सामान विकायचं नाही. कोड पुसा आणि तीन-चार दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा. त्रास गेला तर चूक किटमध्ये किंवा जोडणीत आहे. तोच कोड परत आला तर इनटेकला आणखी हात लावण्यात अर्थ नाही. स्पार्क प्लग, कॉइल, डायव्हर्टर व्हॉल्व्ह किंवा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) तपासायला गाडी गॅरेजमध्ये न्या, आणि फिटरला कोडसोबत तो कोणत्या आरपीएमला, किती लोडवर आला हेही दाखवा.