बजेटमध्ये असेंबल्ड पीसी करताय? या चुका टाळा

जून-जुलैमध्ये ॲडमिशन सुरू झाल्या की ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत पीसीसाठी एक आकडा ठरतो, चाळीस हजार, पन्नास हजार, ज्याची जशी ऐपत, आणि मग पोरगं रात्रभर यूट्यूब बघून लिस्ट बनवतं. लिस्ट बनवणं चांगलंच, पण ती जवळपास नेहमी वरून खाली बनते, म्हणजे आधी प्रोसेसर, मग ग्राफिक कार्ड, आणि तिथे पैसे संपले की उरलेल्या चिल्लरमध्ये मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणू), एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेट सगळं बसवायचं. आणि नंतर रडवतात ते हेच खालचे पार्ट. प्रोसेसर स्वतःहून मेलेला फारच क्वचित बघायला मिळतो हो. म्हणून आपण उलटं जाऊ, खालून वर.

एसएमपीएस "कॅबिनेटसोबत फ्री" घेणं

हा नंबर एकचा घोळ. दुकानदार म्हणतो कॅबिनेटमध्ये ४५० वॉटचा एसएमपीएस आहेच, कशाला वेगळे तीन-चार हजार घालवताय, आणि आपल्यालाही ते पटतं कारण एसएमपीएस दिसत नाही, त्याला लाइट नाही, मित्रांना दाखवता येत नाही. पण त्या डब्यावरचं लेबल एकदा वाचा. ४५० मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, खाली बारीक टेबल असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. समजा १८ लिहिलेत तर झाले २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तुमचा खरा आकडा हा, ४५० नाही. मग गेम सुरू केला की पीसी रिस्टार्ट होतो आणि लोक विंडोज फॉरमॅट मारत बसतात.

८० प्लस ब्राँझ असलं की झालं असंही समजू नका. ते सर्टिफिकेट फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, आतले कपॅसिटर कसे आहेत ते नाही, आणि ती टेस्ट होते साधारण २३ डिग्रीला, आपल्याकडे मे महिन्यात पंखा लावलेल्या खोलीत २३ डिग्री कुठून आणणार. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटी असलेला ५५० वॉटचा घ्या, बजेट बिल्डला पुरून उरतो. आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॉटचं कार्ड आणि ६५ वॉटचा प्रोसेसर धरला तरी आरामात बसतं. उलट टोकाला जाऊन ८५० वॉट घेणारेही आहेत, त्यांनी तो फरक एसएसडीत, म्हणजे फास्ट स्टोरेजमध्ये टाकावा.

आणि एक, मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा एसएमपीएस घेतला तर जुन्या एसएमपीएसच्या केबल त्याला लावू नका. खाच सारखी दिसते, बसते पण, पण आतली पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते आणि एका मिनिटात हार्डडिस्क खलास होऊ शकते.

बोर्ड आणि प्रोसेसरची पत्रिका न जुळवणं

सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, जुळलं की चालेलच असं नाही. एएमडीच्या बी४५० बोर्डात रायझेन ५ ५६०० प्रोसेसर बसतो, पण बोर्ड जुन्या स्टॉकचा असेल आणि बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट नसेल तर पंखे फिरतील, डिस्प्ले नाही. बॉक्सवर रायझेन ५००० रेडीचा स्टिकर आहे का बघा, नसेल तर दुकानातच अपडेट करून मागा, घरी आल्यावर तुमच्याकडे जुना प्रोसेसर कुठून येणार टाकून बघायला. इंटेलच्या एच६१० मध्ये तर त्याच नावाचे डीडीआर४ आणि डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) असे दोन बोर्ड मिळतात, रॅम एकाची आणि बोर्ड दुसऱ्याचा आणला की लोकलची एक फेरी फुकट, कारण खाचच वेगळ्या जागी असते. एएम५, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर तो प्रश्न नाही, तिथे फक्त डीडीआर५.

"पुढे अपग्रेड करू" हा विचार असेल तर आत्ताच विचार करा. एएम४ (बी४५० चं सॉकेट) आणि एलजीए १७०० (एच६१० चं) दोन्हीवर नवीन पिढी येणार नाहीये, इंटेल २०२४ मध्ये पुढच्या सॉकेटवर गेलं. एएम५ ला मात्र २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय. पण माझं मत विचाराल तर खरोखर कमी बजेटवाल्याने अपग्रेडच्या नावाखाली आज महागडा बोर्ड घेऊ नये, आपल्यातले बहुतेक लोक प्रोसेसर बदलतच नाहीत, पाच-सहा वर्षांनी आख्खा पीसीच बदलतात.

रॅम, सध्याची डोकेदुखी

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढले त्याने सगळी बजेटं मोडली, एआयची डेटा सेंटरं मेमरी उचलत सुटलीयत आणि त्याची किंमत इथे आपण मोजतोय. त्यामुळे दीड-दोन वर्षांपूर्वीचा "पन्नास हजारात बेस्ट पीसी" व्हिडिओ बघून लिस्ट घेऊन जाल तर काउंटरवरच चेहरा पडेल. आणि मग होते पुढची चूक, आत्ता ८ जीबीची एकच स्टिक घेऊ नंतर बघू. ग्राफिक कार्ड असेल तर एक वेळ चालेल, पण रायझेन ५ ५६००जी सारखा आतल्या ग्राफिक्सवाला प्रोसेसर असेल तर तो रॅमच व्हिडिओ मेमरी म्हणून वापरतो आणि एका स्टिकवर त्याचा जीव अर्धा होतो. ८ च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, शेजारीशेजारी नाही. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पूर्ण स्पीड देणारी सेटिंग) ऑन करा, नाहीतर ३२०० ची रॅम घेऊनही ती २१३३ किंवा २६६६ वर रडतखडत चालते आणि वर्षभर कुणाला कळत नाही.

बाकी सेकंडहँड घ्यायचंच असेल तर रॅम घ्या, फिरणारं काही नाही, झिजणारं काही नाही, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा, एकही एरर नको. सेकंडहँड एसएमपीएस मात्र फुकट दिला तरी नको.

"आय-सेव्हन आहे दादा, आणि ४ जीबी कार्ड"

ही ऑफर ठाणे स्टेशनपासून खारघरपर्यंत सगळीकडे भेटते. आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, एवढ्या स्वस्तात कसं काय? कसं काय तर आय-सेव्हन आहे २६००, म्हणजे २०११ चा, आणि कार्ड आहे जीटी ७३०. साधा आय-थ्री १२१०० त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. आणि ५६००जी च्या आतलं ग्राफिक्स त्या ४ जीबीवाल्या जीटी ७३० पेक्षा बरं चालतं, ४ जीबी हा आकडा फक्त गिऱ्हाईकासाठी असतो. वर विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फक्त टॅली आणि मेलसाठी असेल तर ठीक, पण मग तसे पैसे द्या.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघायला विसरू नका. इंटेलच्या मागे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, रायझेन ५ ५६०० मध्येही नाही, जी असेल तर आहे. "कार्ड दिवाळीला घेऊ" म्हणून एफवाला घेतला तर दिवाळीपर्यंत काळी स्क्रीन बघायची. पण याची दुसरी बाजू पण आहे, ५६००जी मध्ये कॅशे (प्रोसेसरच्या आतली फास्ट मेमरी) ५६०० च्या निम्मी आणि पीसीआयई (कार्डाला जोडणारा मार्ग) तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे कार्ड आत्ताच घेणार असाल तर साधा ५६०० जास्त फायद्याचा.

जुनं कार्ड घेताना थोडं जास्त थांबा. बाजारात खोटी १०५० टीआय फिरतात, आत जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय सारखं जुनं काहीतरी, फक्त कार्डाचा बायोस बदललेला. विकणाऱ्याच्याच मशिनवर जीपीयू-झी (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवा, ते सरळ फेक लिहून दाखवतं. आणि मागे निळा व्हीजीए पोर्ट असलेली १०५० टीआय कुणी दिली तर हात जोडून निघा, त्या पिढीपासून एनव्हीडियाने ॲनालॉग आउटपुट काढूनच टाकलाय. क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये राबलेली कार्डं २०२२ च्या सप्टेंबरनंतर, इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर, खूप बाहेर आली. ती सगळी वाईट नसतात, पंखे आणि मेमरीचं तापमान बघून, अर्धा तास लोड देऊन घ्या. नव्यात आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं पण ते पीसीआयईच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, बी४५० वर तिसरी पिढी असल्याने अजून हळू होतं.

कुठून घ्यायचं

सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच (ग्रँट रोडजवळचा कॉम्प्युटर बाजार) स्वस्त असा एक जुना समज आहे. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोड, जायला हरकत नाही, भाव करायला मजाही येते, फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद. पण वाशीच्या सेक्टर १७ मधला किंवा ठाण्यातला भाव आणि ऑनलाइनचा भाव आधी फोनवर काढा, फरक पाचशे-हजाराचा असेल तर जवळचा बरा, कारण पार्ट बिघडला की त्याच माणसाकडे जायचंय. बिल पक्कंच, जीएसटी नंबर आणि पार्टचा सिरियल नंबर असलेलं. कच्च्या बिलावर १८ टक्के वाचतात आणि वॉरंटी पण जाते. काउंटरवर "हा स्टॉकमध्ये नाही, हा घ्या, सेमच आहे" झालं की थांबा, मॉडेल नंबर शोधा, नाही पटलं तर तेवढा एक पार्ट दुसरीकडून.

लावला, पण डिस्प्ले येत नाही

घाबरू नका. आधी केबल बघा, कार्ड असताना एचडीएमआय बोर्डाला लावणारे भरपूर. मग प्रोसेसरजवळची आठ पिनांची पॉवर केबल, ती विसरली की पंखे फिरतात आणि बाकी काही होत नाही. मग रॅम काढून एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, टक्क आवाज येईपर्यंत दाबा. बोर्डावर छोटे एलईडी असतील तर कुठला पेटून राहिलाय ते वाचा, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असं लिहिलेलंच असतं. एएम५ बोर्ड असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन राहते, रॅम ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो) चालू असतं, चहा पिऊन या, मधेच स्विच बंद करू नका.

पावसात पीसी बंद ठेवून गणपतीला गावी जाऊन आलात आणि परत आल्यावर डिस्प्ले गेला, हे तर आपल्याकडचं नेहमीचं. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. स्वच्छ मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा नीट झटका, परत लावा, दहातल्या बऱ्याच जणांचं तिथेच भागतं.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पार्ट बदलत बसू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडासा करंट बॉडीवर येतोच, तो अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जायला हवा, आणि ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगांत किंवा दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती वायरच नसते. तीन पिनांचा चांगला बोर्ड लावून बघा, तरी येत असेल तर वायरमनला बोलवा आणि सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या, तोपर्यंत पीसी त्या सॉकेटवर लावू नका.