प्लेयरमधला डिजिटल फिल्टर कसा निवडाल? टाळ ऐका

फिल्टरचा मेन्यू उघडण्याआधी सीडी प्लेयरच्या मागच्या वायरी बघा. आरसीए किंवा एक्सएलआर, म्हणजे अ‍ॅनालॉग आवाजाची वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरला गेली असेल, तरच या फिल्टरचा उपयोग. एचडीएमआय किंवा ऑप्टिकलने जोडलं असेल, तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग पुढच्या यंत्रात होतं आणि इथे काहीही निवडलं तरी फरक पडत नाही. हायब्रिड एसएसीडी (सीडी आणि सुपर ऑडिओ सीडी असे दोन थर असलेली डिस्क) असेल तर सीडीचा थरच वाजतोय ना, तेही बघून घ्या.

सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजलेली मापं असतात, त्यामुळे २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज तिच्यात मावतो. त्या नमुन्यांतून आवाज पुन्हा उभा करताना या रेषेच्या वर त्याच्या प्रतिमा, म्हणजे खोट्या नकला तयार होतात. त्या काढणं हे फिल्टरचं काम. आपला कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे कापायला जागा जेमतेम दोन किलोहर्ट्झची. १९८२च्या सोनी सीडीपी-१०१मध्ये हे अ‍ॅनालॉग फिल्टरने केलं होतं. फिलिप्सने त्याच सुमारास चौपट ओव्हरसॅम्पलिंगचा, म्हणजे आधी नमुने चौपट करून घेण्याचा डिजिटल मार्ग धरला.

एवढ्या अरुंद जागेत झटकन कापलं की ठोक्याभोवती बारीक कंप उमटतो, त्याला रिंगिंग म्हणतात. ‘लिनिअर फेज फास्ट’मध्ये तो ठोक्याच्या आधी आणि नंतर सारखाच असतो. ‘मिनिमम फेज’मध्ये सगळा कंप नंतर येतो, बदल्यात वरच्या पट्ट्याची फेज, म्हणजे बाकी आवाजाशी असलेला वेळेचा मेळ सरकते. ‘स्लो’मध्ये कंप कमी, पण २०च्या अलीकडेच आवाज उतरायला लागतो आणि काही प्रतिमा निसटतात. काही प्लेयरमध्ये फिल्टर पूर्ण बंद करता येतो. तेव्हा २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून जास्त घट येते. डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणाऱ्या ईएसएस कंपनीच्या ईएस९०३८प्रो चिपमध्ये तर असे सात तयार फिल्टर आहेत, म्हणून नावांना घाबरू नका. आधी फास्ट की स्लो ते बघा, मग लिनिअर की मिनिमम.

परीक्षेसाठी मी अभंगाची सीडी लावतो, टाळ स्वच्छ आणि जवळून घेतलेले असतील अशी. टाळावर टाळ आपटतो तो क्षण आणि मागून येणारी झणझण, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐका. स्लोवर झणझण किंचित मवाळ वाटू शकते. मग तबल्याच्या चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ ऐका: बोट पडल्याचा टणका सुटा येतो का? नुसत्या आलापावर हे कळणं कठीण. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या सीडी यासाठी घेऊच नका. त्यांच्यात इतक्या वर गाण्यापेक्षा खरखरच जास्त असते.

वीसेक सेकंदांचा तुकडा ए-बी रिपीटवर (तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजेल असा) लावा आणि रिमोट घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. कोणता फिल्टर चालू आहे हे तुम्हाला न सांगता त्यांनी बदलायचं, तुम्ही फक्त पसंती लिहायची. त्याआधी प्रत्येक फिल्टरवर ४०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि व्हॉल्यूम सारखा करून घ्या. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो, आणि इथे फरक मुळातच इतका बारीक आहे की तेवढ्यानेही निकाल फिरतो.

लिहिलेल्या पसंतीत एकच फिल्टर पुन्हा पुन्हा आला तर तोच ठेवा. कौल विखुरलेला आला तर लिनिअर फेज फास्ट ठेवा. माझ्याकडेही तोच आहे, कारण ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तो घट आणत नाही, फेजही हलवत नाही. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या डिस्कसाठी ही खटपट करू नका. तिथे कापण्याची रेषाच कानाच्या कितीतरी वर असते.