कोकणातून रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं तर

परळच्या टाटात 'लाईट घ्यायला' गेलेलं माणूस कोकणात गावोगाव भेटतं. ही लाईट, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, रोज मशीनवर प्रत्यक्ष देणारा तो रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. गेली काही वर्षं मी हेच काम करतो, म्हणून गावच्या मुलांसाठी लिहितोय.

आधी काम नीट समजून घ्या. एक्स-रे काढणारा निराळा. इथे डोस डॉक्टर ठरवतात, मेडिकल फिजिसिस्ट प्लॅन करतो आणि आपण पेशंटला रोज तंतोतंत तसाच झोपवतो.

मग शिक्षण. बारावी सायन्सला फिजिक्स हवंच. पुढे रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची पदवी, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं आणि वर ट्रेनिंग.

फी भरण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा. हा कोर्स अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, पात्रतेत बसतो का? आणि शिकायला चालू लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन, आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. घरची कलमं गहाण टाकून नुसता कागद आणू नका.

शिकताना, पेशंटचं डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क बनवण्याकडे जास्त लक्ष द्या. जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ होतं, ते चेहऱ्यावर ताणून बसवायचं. काही मिनिटांत कडक होतं. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट हाच मास्क घालून आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे झोपतो. पहिल्या दिवशी त्याचा श्वास अडकतो. तेव्हा घाई करायची नाही.

घरचे रेडिएशनला घाबरतील. त्यांना सांगा, बीम चालू असताना आपण जाड भिंतीबाहेर असतो, कॅमेऱ्यातून बघतो. छातीवर टीएलडी बॅज लावायचा, आपल्या अंगावर किती रेडिएशन पडलं ते तो मोजतो. त्याची नोंद दर तीन महिन्यांनी तपासतात. आपल्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं एकक), एका वर्षात ३० च्या वर नाही. बॅज खिशात विसरणारे मी पाहिलेत. ते मला अजिबात आवडत नाही.

नोकरी? कोकणात मशीनं मोजकीच, त्यामुळे सुरुवात मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरात धरून चाला. आपली बोली मात्र सोडू नका. देवगडकडचे एक आजोबा मास्कला हात लावू देत नव्हते. "आजोबा, भियाव नकात, मी हयच आसंय," म्हटलं, आणि त्यांनी स्वतःहून डोळे मिटले.